हौसाबाई आणि लॅमिनेट केलेली चिठ्ठी

हौसाबाईंची मुलाखत मी घ्यायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ती त्यांनी घेतली, आणि तीही माझी नव्हे, माझ्या वडिलांची.

पहिल्या दिवशी त्या दारात चपला काढून, पदराने तोंड पुसून आत आल्या. कामाच्या वेळा, सुट्ट्या, पथ्यपाणी असं सगळं मी पाठ करून ठेवलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "तुमी थांबा जरा, ताई. ज्याचं काम करायचं त्यास्नी इचारू द्या." मग त्या सरळ अण्णांच्या खुर्चीपुढे गेल्या, खाली उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मी हौसाबाई. तुमच्याकडं कामाला राहू का?"

अण्णांची हनुवटी छातीवर टेकलेली होती. डोळे अर्धे मिटलेले, गळ्यात लाळेसाठी खोचलेला रुमाल. उत्तर येण्याचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, "त्यांना कळत नाही हो." हौसाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कळत न्हाई, का बोलत न्हाईत?" दहा-एक मिनिटं त्या तशाच बसून राहिल्या. मग उठल्या, "उद्या येते" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्यासाठी केलेला चहा मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जाताना त्यांनी विचारलं, "गोळी किती वाजता देता?" मी म्हटलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. "मग उद्या साडेआठला येते." तिसऱ्या दिवशी साडेआठला त्यांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. अण्णांनी बराच वेळ घेतला. मग डोळे उघडले, त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "राहा. पण वेळेवर हजर व्हायचं." हौसाबाई "व्हय साहेब" म्हणाल्या आणि उठून माझ्याकडे वळल्या. "हां, आता सांगा तुमचं काय ते."

अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीदार. पारनेर, शेवगाव, राहुरी असे तालुके पायाखाली घालून निवृत्त झाले. आई गेल्यावर ते भिंगारला आमच्याकडे राहायला आले. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा दिलीप. मी नगरला विमा कचेरीत, दिलीप श्रीरामपूरच्या एका बँकेत, रोजचं जाऊन-येऊन. वर्ष-दोन वर्षं बरी गेली आणि मग अण्णांना विसर पडायला लागला. आधी चष्मा विसरायचे, मग शब्द, मग माणसं. डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया असं नाव दिलं. मोजणी तेवढी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. सकाळ-संध्याकाळ गल्ली पावलांनी मोजायचे आणि शेजारच्या सुभेदारकाकांच्या फाटकापाशी थांबून जाहीर करायचे, "दोन फूट अतिक्रमण आहे. काढून घ्या." सुभेदारकाका फौजेत आयुष्य काढलेले, विनोदाला कमी नाहीत. पहिले काही महिने ते हसले. अण्णांनी हद्दीची खूण रोवायला त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात खड्डा खणला तेव्हा मात्र त्यांचं हसणं थांबलं.

आंघोळीची तर रोज लढाई. कपड्याला हात लावला की अण्णा ओरडायचे, तांब्या फेकायचे. एकदा त्यांनी माझं मनगट असं पिरगाळलं की मी आठवडाभर पट्टी बांधून कचेरीत गेले आणि मैत्रिणींना सांगितलं, बादली उचलताना लचकलं. तेव्हा नगरच्या मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. (शहराचं नाव बदललं, पण आमच्या तोंडातलं नगर काही जात नाही.) त्यांनी एक गोळी लिहून दिली. चार दिवसांत घर शांत झालं. खोटं कशाला बोलू, मला ती शांतता फार आवडली. दिलीप रविवारी दुपारी झोपू लागला. मी एक मालिका शेवटपर्यंत पाहिली. अण्णा जिथे बसवू तिथे बसायचे; सकाळच्या गोळीआधी आंघोळीला तेवढा तांब्या अजून उडायचा. पुढे लाळ गळायला लागली, पाय घासत चालायला लागले, चेहऱ्यावर काही उमटेना. आम्ही म्हटलं, आजार वाढतोय, वय झालं.

दिलीपला लॅमिनेशनचा नाद आहे. रेशनकार्ड, आमच्या लग्नाची पत्रिका, पहिल्या गॅस जोडणीची पावती, सगळं त्याने प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवलंय. डॉक्टरांची चिठ्ठी दर महिन्याला औषधाच्या दुकानात नेऊन घडीवर फाटायला लागली, तेव्हा त्याने तीही लॅमिनेट करून आणली. दुकानदार लांबूनच ती चकाकणारी चिठ्ठी ओळखायचे आणि मी बोलण्याआधी गोळ्यांचं पाकीट काढून ठेवायचे. असे अकरा महिने गेले. मग अण्णांना एकटं ठेवणं जमेना, म्हणून बाईचा शोध सुरू झाला आणि हौसाबाई आल्या.

वय विचारलं की त्या "लई" एवढंच सांगायच्या. बुटक्या, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बटणाचा मोबाईल गळ्यात लटकवलेला. गाव पारनेर तालुक्यातलं, राळेगणच्या अलीकडचं, पण राळेगणसारखं पाणी न अडलेलं. "तितलं पानी तितं ऱ्हायलं, आमच्याकडं निस्तं भाषान आलं," असं त्या सांगायच्या. भिंगारमध्ये लेकीकडे राहायच्या. बोलणं सडेतोड. माझी भाजी चाखून म्हणाल्या, "चांगली झालीय. मीठ घातलं की खाता येईल." दिलीपविषयी त्यांचं मत मला त्यांनी आठवड्याभरात ऐकवलं. "दाजी लई चांगले हायेत. काय करत न्हाईत, पर मदे बी येत न्हाईत." इतकं नेमकं वर्णन मला पंचवीस वर्षांच्या संसारात जमलं नव्हतं.

अण्णांशी मात्र त्या अखंड बोलायच्या. कांद्याचा भाव, लेकीच्या सासूचं गुडघेदुखीचं नाटक, गल्लीतल्या कुत्रीला झालेली पिल्लं. उत्तर आलं नाही तरी मध्ये थांबायच्या, उत्तराला पुरेशी जागा सोडायच्या आणि मग पुढे बोलायच्या. हे सगळं सकाळच्या साडेआठ ते नऊच्या मध्ये जास्त चालायचं. एकदा त्या अशाच अण्णांचे केस विंचरत स्वतःच्या शेताची गोष्ट सांगत होत्या. नवरा वारला, आणि त्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या असताना दिराने शेताची मोजणी करून घेतली. परत येऊन बघतात तर खुणांचे दगड सरकलेले आणि विहिरीकडची पट्टी दिराकडे गेलेली. "मला कुनी सांगितलंच न्हाई, साहेब."

अण्णांनी मान वर केली. "नोटीस?"

"न्हाई आली."

"लगतच्या खातेदाराला नोटीस बजावल्याशिवाय," अण्णा थांबत थांबत म्हणाले, "मोजणी करता येत नाही. अपील करा."

"मुदत कवाच गेली, साहेब."

अण्णा म्हणाले, "मग चूक झाली."

मी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होते. एवढे शब्द एका जागी त्यांच्या तोंडून ऐकून वर्ष होत आलं होतं. हौसाबाई फणी हातात धरून म्हणाल्या, "सरकारी मानसानं चूक झाली म्हनल्यालं आज पैल्यांदाच ऐकलं."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात नोटिशी सुरू झाल्या. आंघोळीच्या अर्धा तास आधी हौसाबाई अण्णांपुढे उभ्या राहायच्या. "साहेब, नोटीस. अर्ध्या तासानं आंघोळ हाय. हजर ऱ्हावं." अण्णा विचारायचे, "बजावली का?" "बजावली." मग एक जुनी वही आणि पेन पुढे करायच्या. अण्णा त्यावर सही म्हणून एक लांबलचक रेघ ओढायचे. सदऱ्याचं बटण काढायच्या आधी नोटीस, डोक्यावर पाणी घालायच्या आधी नोटीस. मला हे सगळं पोरखेळ वाटलं होतं. पण तांब्या फेकणं दिवसेंदिवस कमी होत गेलं, आणि मला लाज वाटली. माझ्या वडिलांच्या अंगावरचे कपडे मी रोज न विचारता ओढत होते आणि ते ओरडले की त्याला आजार म्हणत होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नऊ वाजले, मी गोळी आणि पाणी घेऊन आले. हौसाबाई बाजूला झाल्या. "द्या. आता हे परत आत जातील." अण्णांनी गोळी गिळली. अर्ध्या तासात डोळे जड झाले, मान खाली आली. हौसाबाईंनी रुमाल खोचला आणि म्हणाल्या, "ताई, ती चिठ्ठी दावा जरा." मी ती चकाकणारी चिठ्ठी आणली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यांनी बोट ठेवून विचारलं. हे काय? गोळीचं नाव. हे? सकाळ-रात्र एकेक. "आन ही खालची वळ?"

खालची ओळ डॉक्टरी अक्षरात होती. मी चष्मा लावून, चिठ्ठी उजेडाकडे धरून ती लावली. 'सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवणे.' मी विमा कचेरीत आहे. पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी लोकांना वाचून दाखवणं हे माझं कामच आहे. आणि घरातली एक ओळ मी अकरा महिन्यांत वाचली नव्हती. दिलीपने ती लॅमिनेट करून तेवढी जपून ठेवली होती.

मला एकदम चेव चढला. मी म्हटलं, "आजपासून बंद. एक गोळी द्यायची नाही." त्यावर हौसाबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "गोळीनं काय घोडं मारलंय तुमचं? डाक्टरला न इचारता चालू ठिवली, आता न इचारता बंद करता व्हय?" मग त्यांनी पूर्वी सांभाळलेल्या श्रीरामपूरच्या एका बाईंची हकीकत सांगितली. मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांना अंथरुणात साप दिसायचे. दिवसभर खाटेवर उभ्या राहून थरथरायच्या, खाली उतरायच्या नाहीत, जेवायच्या नाहीत. थोडी गोळी सुरू झाली आणि साप गेले. "ती बाई हसाय लागली, जेवाय लागली. गोळी वैरी न्हाई, ताई. पर कुनासाठी देतो ते ध्यानात असू द्यावं."

म्हणून त्या दिवशी गोळी चालूच ठेवली आणि डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णा, मी, हौसाबाई असे तिघे रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "ही मी दिलेलीच आहे?" मी होय म्हटलं. त्यांनी अण्णांचे हात वाकवून पाहिले, चार पावलं चालवून पाहिलं. म्हणाले, "अशा रुग्णांना ही गोळी लागलीच तर कमीत कमी आणि थोडे दिवस द्यायची असते. पडण्याची भीती असते, पक्षाघाताची भीती असते. मी सहा आठवडे म्हटलं होतं. तुम्ही आलाच नाहीत." मी खाली मान घालून ऐकलं. मग त्यांनी प्रमाण बदलण्यासाठी त्याच चिठ्ठीवर पेन टेकवलं. पेन चालेना. प्लास्टिकवर नुसतं घसरत होतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे पाहिलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नवीन कागदावर लिहून देताना ते शांतपणे म्हणाले, "हा लॅमिनेट करू नका. हा दर पंधरा दिवसांनी बदलायचा आहे."

मग त्यांनी विचारलं, अण्णांना कुठे दुखतंय का, पोट साफ होतं का, लघवीला त्रास आहे का. मी काहीतरी गोलमाल बोलू लागले. हौसाबाई मध्येच म्हणाल्या, "उजवीकडनं चावत न्हाईत ते. चमचा नेला की मान फिरवतेत, मग वरडतेत." डॉक्टरांनी कवळी काढायला लावली आणि टॉर्च मारला. उजव्या हिरडीवर मोठी जखम. ताटावर बसलं की अण्णा चिडतात, असं आम्ही सगळ्या पाहुण्यांना सांगत होतो. तोंडात काय आहे ते बघायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

गोळी पायरीपायरीने उतरत गेली, तसे अण्णा वर येत गेले. आधी लाळ थांबली. मग पाय उचलायला लागले. दीड महिन्यात ते दिवाणखान्याची लांबी मोजू लागले. हौसाबाईंनी बाजारातून शिलाईची फीत आणली. मोजणीला दोन माणसं लागतात, एक टोक धरायला आणि एक वाचायला. हौसाबाई टोक धरायच्या. सुभेदारकाकांच्या फाटकाशी जायच्या आधी त्या स्वतः जाऊन त्यांना नोटीस देऊन यायच्या, "काका, पाच वाजता मोजनी हाय." काका आपली स्कूटर दोन फूट आत घ्यायचे आणि सावधान उभं राहून म्हणायचे, "मोजा, साहेब." अण्णा मोजायचे, समाधानाने मान हलवायचे आणि घरी येऊन चहा मागायचे.

सगळे दिवस असे साजरे नव्हते. कधी अण्णा मला चोर म्हणायचे, कधी काठी उगारायचे. काही संध्याकाळी ते आईला हाका मारत रडायचे, आणि त्यावर नोटिशीचाही उपाय चालत नसे. हौसाबाई तेव्हा काहीच करायच्या नाहीत, जवळ बसून कांदे निवडत राहायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "याच्यापेक्षा झोपलेले बरे होते." त्या म्हणाल्या, "जागा मानूस म्हंजी जागा मानूस. निस्ता हसराच कसा यील?"

आता मला जे सांगायचं आहे ते सांगते. पुण्याच्या माझ्या भावाच्या, विलासच्या, मुलीचा साखरपुडा ठरला. आजोबांना प्रवास झेपणार नाही म्हणून तिनेच हट्ट धरला, साखरपुडा भिंगारला करायचा. तेव्हा अण्णांची गोळी अर्धीवर आली होती, तीही फक्त रात्रीची. उरलेले अर्धे तुकडे हौसाबाई एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या. नेमकी त्यांच्या शेतातली कांदा काढणी आली आणि त्या दोन दिवस गावी गेल्या. जाताना बजावून गेल्या, "पाव्हन्यांना आदीच सांगून ठिवा. अण्णा त्यास्नी मोजतील. मोजू द्या." विलासचा मात्र आदल्या दिवशी फोन आला. व्याही मोठ्या घरचे आहेत, अण्णांनी काही गोंधळ घालायला नको, "एक दिवसापुरतं काहीतरी दे त्यांना."

सकाळी दहा वाजता मी डबी उघडली आणि दोन तुकडे चहातून दिले. नोटीस नाही, काही नाही.

साखरपुडा फार छान झाला. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत कोसा रेशमाचा सदरा आणि टोपी घालून बसले होते. व्याही म्हणाले, "किती शांत म्हातारपण आहे तुमच्या वडिलांचं." नात पाया पडली. तिने बराच वेळ डोकं वाकवून ठेवलं. तिच्या डोक्यावर हात काही आला नाही. शेवटी विलासने अण्णांचा हात उचलून ठेवला आणि फोटो काढला. पाहुणे गेल्यावर दिवेलागणीला अण्णा न्हाणीघराकडे निघाले आणि उंबऱ्यात आडवे झाले. कपाळाला चार टाके पडले.

विलासने विचारलं, "कसे काय पडले?" मी म्हटलं, "फरशी ओली होती." तो म्हणाला, "आणि ती बाई आजच कुठे उलथली? काढून टाक तिला." मी म्हटलं, "बघते." एवढंच म्हटलं.

हौसाबाई परत आल्या, त्यांनी टाके पाहिले, मग मुकाट्याने जाऊन कुंकवाची डबी उघडली. मी ओट्याला टेकून उभी होते. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डबी बंद करत म्हणाल्या, "म्हंजी गोळी पायजे हुती पाव्हन्यांना, आन खाल्ली अण्णांनी." थोड्या वेळाने एवढंच म्हणाल्या, "डाक्टरला तरी खरं सांगा." डॉक्टरांना मी खरं सांगितलं. विलासला सांगितलं नाही. घरच्या लोकांत हौसाबाईंच्या रजेमुळे अण्णा पडले, अशी गोष्ट रूढ झाली आणि मी ती राहू दिली. दर सणाला कोणीतरी ती फोनवर काढायचं. हौसाबाई शेजारच्या खोलीत असायच्या. त्यांच्या कानावर जात होतं, हे मला माहीत होतं.

गोळी पुढच्या दोन महिन्यांत पूर्ण थांबली. पण पडल्यापासून अण्णांनी गल्ली मोजली नाही. खुर्चीतच असायचे, जागे मात्र असायचे. एका दुपारी त्यांनी मी भरवत असलेला घास थुंकला, मला शिव्या दिल्या. मी ताट खाली ठेवून तोंड झाकून बसले. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला. "दमलीस का गं?" मी कोण, हे त्यांना नक्कीच ठाऊक नव्हतं. कोणीतरी बाई दमलीय, एवढं त्यांना दिसलं होतं. मी "हो" म्हटलं. ते म्हणाले, "बस मग जरा." ती दुपार मला मिळाली ती हौसाबाईंमुळे, हे मी कोणत्याही देवापुढे सांगेन.

माघात अण्णांची छाती भरली आणि चार दिवसांत ते गेले. शेवटच्या दिवशीही डोळे उघडे होते, इकडून तिकडे फिरत होते.

तेराव्याला सगळे जमले. पंगत बसली, हौसाबाई आतबाहेर वाढत होत्या. विलास कोणा चुलत्याला सांगत होता, "साखरपुड्याला पडले, तिथूनच अण्णा खचले. बाई ठेवून उपयोग काय? नेमक्या वेळी घरात नाही." हौसाबाईंच्या हातात कढीचं भांडं होतं. त्यांनी त्याच्या वाटीत कढी वाढली आणि पुढच्या पानाकडे सरकल्या.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. "विलास, फरशी ओली नव्हती. मी अण्णांना गोळी जास्त दिली होती. तुझ्या व्याह्यांपुढे त्यांनी गप्प बसावं म्हणून. आणि हौसाबाईंवर दोष घातला तो इतके दिवस मी घालू दिला." पंगत थांबली. विलास पानाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मीच म्हटलं होतं तुला, काहीतरी दे म्हणून." जेवणं मात्र पूर्ण झाली.

मी आत गेले. हौसाबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. मी त्यांची माफी मागितली.

"कशापाई बोललात?" त्या म्हणाल्या. "गेला तो मानूस."

"तुमच्यावर बालंट होतं ते."

"ऱ्हाऊ द्यायचं. माझ्यावर जुनं हाय एक." त्यांनी हात पुसले आणि पाटावर बसल्या. "माझ्या सासूला असंच झाल्तं. उठायची आन रानात चालाय लागायची. हीर उघडी, तिला कठडा न्हाई. मला रोजानं जायाचं, घरी बघाया कुनी न्हाई. आमच्याकडं कुटली आली गोळी. खाटंला बांधून जायचे तिला, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं. हाताला रुतू नये म्हनून पट्टी धुऊन धुऊन मऊ केल्ती."

"किती दिवस?"

"दोन पावसाळं."

बाहेर ताटं उचलल्याचे आवाज येत होते. मी विचारलं, "काय म्हणायच्या त्या?"

"काय म्हननार. हौसे, सोड म्हनायची."

"मग?"

"मी म्हनायचे, आलेच."